पाहणाऱ्याचा शोक : फाळणीच्या कथात्म साहित्यातील साक्षीदार

भारतीय काव्यपरंपरा आपल्या उगमाची जी कथा सांगते, ती एका साक्षीदाराची कथा आहे. तमसेच्या तीरी स्नानासाठी गेलेल्या वाल्मीकींच्या डोळ्यांदेखत क्रौंचयुग्मातील नर निषादाच्या बाणाने कोसळतो, मादी आक्रोश करू लागते आणि मुनींच्या मुखातून शापवाणी बाहेर पडते. बाण मारणारा निषाद, मेलेला पक्षी आणि आकांत करणारी पक्षिणी या तिघांपैकी वाल्मीकी कोणीच नाहीत. त्यांच्या अंगाला बाणाचा स्पर्श झालेला नाही. त्यांचे जवळचे असे काही हरपलेलेही नाही. त्यांनी केवळ पाहिले आहे. तरीही शोक त्यांना होतो आणि श्लोकही त्यांनाच सुचतो.

या प्रसंगावर आपल्या काव्यशास्त्राने पुष्कळ विचार केला. आनंदवर्धनाने तो ‘ध्वन्यालोका’च्या आरंभीच उभा केला. अभिनवगुप्ताने त्यावर भाष्य करताना बजावले, की हा शोक मुनींचा व्यक्तिगत शोक समजू नये. तसा तो असता तर मुनी दुःखाने व्याकूळ झाले असते आणि रसनिष्पत्तीला अवकाशच उरला नसता. रससिद्धान्ताच्या दृष्टीने हे विवेचन निर्दोष आहे. पण त्यामुळे एक प्रश्न जवळजवळ हजार वर्षे बाजूला पडला. काव्याचे काय झाले हे परंपरेने सांगितले. पाहणाऱ्याचे काय झाले, हे तिने विचारले नाही.

वास्तविक बालकांडात त्याचे उत्तर आहे. दुसऱ्या सर्गाचा उत्तरार्ध सहसा कोणी सावकाश वाचत नाही, म्हणून ते नजरेतून सुटते. श्लोक उच्चारल्यावर वाल्मीकींना हलके वाटत नाही, ते गोंधळतात. हे आपण काय बोललो, असा प्रश्न त्यांना पडतो. सोबत शिष्य भरद्वाज असतो. मुनी आपले विस्मयाचे बोल त्याला ऐकवतात आणि तो ते शब्द आनंदाने मनात धारण करतो. त्यानंतर मुनी आश्रमात परततात, पण चित्त नदीकाठीच राहिलेले असते. पुढे प्रत्यक्ष ब्रह्मदेव भेटीस येतात. अर्घ्यपाद्य होते, आसन दिले जाते आणि सृष्टिकर्ता समोर बसलेला असताना मुनी पुन्हा त्या पक्ष्याच्याच विचारात बुडतात व शोकाकुल होऊन तोच श्लोक पुन्हा म्हणतात. श्लोकाचा जन्म परंपरेने लक्षात ठेवला, त्याची ही पुनरावृत्ती मात्र ती विसरली. जे पाहिले ते एकदा बोलून संपत नाही; ते अवेळी परत येते, आणि समोर कोण बसले आहे याची पर्वा करीत नाही. ज्याने भयंकर काही पाहिले आहे त्याच्या मनाचे हे आदिकवीने दिलेले वर्णन आजही जसेच्या तसे खरे आहे. त्यातील भरद्वाजाची उपस्थितीही नजरेआड करण्यासारखी नाही. तो सांत्वन करीत नाही, उपदेश करीत नाही. तो ऐकतो आणि लक्षात ठेवतो.

आपल्या दर्शनपरंपरेने ‘साक्षी’ या शब्दाला मात्र निराळीच प्रतिष्ठा दिली. एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे औपनिषदिक रूपक सर्वपरिचित आहे : एक फळ चाखतो, दुसरा नुसता पाहत राहतो. पुढे वेदान्ताने या पाहणाऱ्याला अलिप्त, निर्विकार, कशानेही न मळणारा ठरवले. महाभारतातील संजयाकडेही आपण बहुधा याच दृष्टीने पाहतो. अठरा दिवसांचा संहार तो पाहतो आणि अंध राजाला सांगतो. त्याच्या मनाची विचारपूस कोणी करीत नाही. सौप्तिकपर्वात दुर्योधनाच्या मृत्यूनंतर त्याची दिव्यदृष्टी नाहीशी होते, ही नोंद वाचताना क्षणभर असे वाटते, की व्यासांनी या माणसावर अखेर दया केली. विसाव्या शतकातील भारतीय कथाकारांपुढे जेव्हा सामूहिक हिंसेचा विषय आला, तेव्हा त्यांना या अलिप्त साक्षीचा उपयोग झाला नाही. त्यांना तमसेच्या काठी उभ्या असलेल्या, अंगाला काहीही न लागलेल्या आणि तरीही घायाळ झालेल्या माणसाकडेच परत जावे लागले.

१९४७च्या फाळणीत किती माणसे मारली गेली याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. या आकड्यांत मारणारे नाहीत आणि पाहणारे तर नाहीतच. गल्लीच्या तोंडाशी, गच्चीवर, रेल्वेच्या डब्यात, विहिरीच्या काठावर ज्यांनी पाहिले आणि जे जिवंत, धडधाकट, पुष्कळदा निर्वासितही न होता मागे उरले, त्यांची मोजदाद कोणी करणे शक्य नव्हते. फाळणीच्या साहित्यावरील समीक्षेने अत्याचारी आणि अत्याचारित या दोन टोकांचा विचार विस्ताराने केला. या दोहोंच्या मधे उभा असलेला साक्षीदार तिच्या नजरेत त्या मानाने कमी भरला. वस्तुतः या साहित्यातील उत्तम कथा बहुधा त्याच्याभोवतीच रचलेल्या दिसतात.

सआदत हसन मंटो यांच्या ‘खोल दो’ या कथेचे उदाहरण सर्वात प्रसिद्ध, म्हणून त्यावर थोडेच बोलणे पुरे. छावणीत भानावर येणारा म्हातारा सिराजुद्दीन हा पत्नीच्या हत्येचा साक्षीदार आहे. कथेच्या आरंभी त्याची नजर आकाशात हरवलेली आहे. मन घटनांचा क्रम लावू शकत नाही. खिशात मुलीची ओढणी सापडते, पण मुलगी कोठे सुटली, हे आठवत नाही. स्मृतीला पडलेले हे भोक मंटोंनी कोणत्याही मनोविश्लेषणाशिवाय, एका ओढणीवर उभे केले आहे. शेवटच्या प्रसंगात दोन माणसे एकच कृती पाहतात. बापाला तीत मुलगी जिवंत असल्याची खूण दिसते. डॉक्टरला त्या कृतीमागचे सगळे दिसते आणि त्याला दरदरून घाम फुटतो. बापाला न दिसणे हीच त्याच्यावरची कृपा आहे काय, हा प्रश्न कथा मिटल्यावर वाचकाजवळ उरतो. मंटो जानेवारी १९४८मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेले. तेथे कित्येक महिने आपले मन थाऱ्यावर नव्हते आणि लेखणी चालत नव्हती, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांच्या कथांचा झटका सर्वांच्या ध्यानात राहतो. त्यामागचे हे मुकेपण राहत नाही.

राजिंदरसिंह बेदी यांची ‘लाजवंती’ ही मंटोंच्या कथांपेक्षा संथ, आणि कदाचित म्हणूनच अधिक कठोर आहे. अपहृत स्त्रियांना मनात पुन्हा जागा द्या, असा प्रचार करीत प्रभातफेऱ्या काढणारा सुंदरलाल स्वतःची परत आलेली पत्नी मोठ्या आदराने घरात घेतो. तिला तो देवी म्हणू लागतो. तिला मात्र सर्व सांगून टाकायचे आहे. सुरुवातीला तो दोन-चार प्रश्न विचारतो. उत्तर त्याला पेलत नाही आणि झाले गेले विसरून जाऊ, असे म्हणून तो तो विषय कायमचा बंद करतो. येथे क्रौर्य नाही, तिरस्कार नाही, उलट पराकोटीचा सद्भाव आहे. आणि त्या सद्भावानेच तिचे तोंड बंद होते. बेदींनी दाखविलेली ही गोष्ट समाजकार्याच्या भाषेला अद्याप पुरती उमगलेली नाही. सांगू पाहणाऱ्याला मखरात बसवणे हादेखील न ऐकण्याचाच एक प्रकार असतो.

या सर्वांत साक्षीदाराचा सर्वाधिक चिकाटीने विचार केला तो भीष्म साहनी यांनी. १९१५मध्ये रावळपिंडीत जन्मलेल्या या लेखकाने मार्च १९४७मधील रावळपिंडी आणि आसपासच्या खेड्यांतील हिंसा व तिची राखरांगोळी जवळून पाहिली. मदतकार्यात ते होते. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याचा सोहळा पाहण्यासाठी ते दिल्लीला निघाले, ते परत रावळपिंडीला घरी राहण्यासाठी कधीच गेले नाहीत. त्यांच्या ‘अमृतसर आ गया है’ या कथेचा निवेदकही अशाच सोहळ्यासाठी दिल्लीकडे निघालेला एक तरुण प्रवासी आहे. कथेला आत्मचरित्र समजण्याचे कारण नाही. पण लेखकाने आपल्या आयुष्यातील नेमका कोणता प्रवास निवेदकाला दिला, हे ध्यानात ठेवायला हवे.

कथा वरवर पाहता साधी आहे. डब्यात तीन पठाण व्यापारी, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या गोष्टी सांगणारे एक सरदारजी, जपमाळ ओढणारी म्हातारी आणि पेशावरकडचा एक किरकोळ बांध्याचा बाबू अशी मंडळी आहेत. पठाण बाबूची थट्टा करतात, त्याला आपल्याजवळचे मांस देऊ करतात, डाळ खाणारा म्हणून हिणवतात. एका स्थानकावर घाबरलेले एक कुटुंब सामानासह आत शिरू पाहते. एक पठाण लाथ झाडतो, ती त्या माणसाच्या बायकोला लागते, सामान बाहेर फेकले जाते. म्हातारी तेवढी बोलते. बाकीचे गप्प राहतात. गाडी जळत्या शहराजवळून जाते. अमृतसर जवळ येताच तो किरकोळ बाबू एकाएकी उसळतो, पठाणांवर धावून जातो आणि ते दुसऱ्या डब्यात निघून जातात. बाबूच्या हाती आता एक लोखंडी सळई आहे. रात्री धावत्या गाडीच्या पायरीवर चढून एक माणूस दार उघडण्यासाठी विनवू लागतो; मागे त्याची बायको धावत असते. बाबू दार उघडतो आणि त्याच्या डोक्यात सळई घालतो.

समीक्षकांनी या कथेची वाखाणणी केली ती भित्र्या माणसाचे हत्याऱ्यात रूपांतर कसे होते याचे चित्रण म्हणून. हे वाचन चुकीचे नाही, पण ते अर्धे आहे. निवेदकाविषयी बहुधा इतकेच म्हटले जाते, की तो तटस्थ आहे, कॅमेऱ्याप्रमाणे टिपतो. कॅमेऱ्याची ही उपमा येथे लागू पडत नाही. कॅमेऱ्याला गप्प राहण्याचा पर्याय नसतो. या निवेदकाला तो आहे, आणि तो त्याने दोनदा स्वीकारलेला आहे. लाथ बसली तेव्हा तो गप्प होता, सळई बसली तेव्हाही गप्प होता. पहिल्या वेळी डब्यातले सारेच गप्प होते, त्यामुळे त्याची चुप्पी इतरांच्या चुप्पीत मिसळून गेली. दुसऱ्या वेळी बाकीचे झोपलेले आहेत. पाहणारा तो एकटाच आहे.

घाव बसल्यानंतरचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा आहे. पायरीवरचा माणूस पडण्यापूर्वी क्षणभर बाबूकडे पाहतो. हा कोण आणि कोणत्या वैराचा सूड घेतो आहे, हे ओळखण्याचा जणू तो प्रयत्न करतो. मग बाबू सळई बाहेर फेकून देतो. आपले कपडे न्याहाळतो, दोन्ही हात पाहतो आणि एकेक हात नाकाजवळ नेऊन हुंगतो. त्यानंतर पाय न वाजवता येऊन तो निवेदकाच्या शेजारी बसतो. येथे साहनींनी एकही विशेषण खर्च केलेले नाही. पण हात हुंगण्याची कृती टिपण्यासाठी पाहणारा किती जवळ असायला हवा, किती एकाग्र असायला हवा, याचा विचार केला म्हणजे निवेदकाची ‘तटस्थता’ गळून पडते. ज्याचा श्वास थांबला आहे, ज्याला नजर काढून घेता येत नाही, अशा माणसाचे हे पाहणे आहे. आणि मग हत्यारा त्याच्याच शेजारी येऊन बसतो. डब्यात दुसरीकडे जागा नव्हती असे नाही.

सकाळ होते. सरदारजी जागे होतात आणि बाबूच्या धैर्याची तारीफ करू लागतात. त्यांच्या लेखी धैर्य म्हणजे पठाणांना डब्यातून हुसकावणे. रात्रीचे त्यांना ठाऊक नाही. बाबू उत्तरादाखल हसतो, आणि ते हसू बीभत्स आहे असे निवेदक म्हणतो. साऱ्या कथेत निवेदकाने उच्चारलेला जवळजवळ एवढाच निवाडा. तोही सरदारजींना ऐकू येत नाही. तो फक्त वाचकाला ऐकू येतो. या क्षणी त्याने तोंड उघडले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कथा देत नाही. मात्र तिच्या आरंभाकडे परत गेले म्हणजे एक गोष्ट दिसते. तेथे पुढेमागे जिना मुंबईतच राहतील की पाकिस्तानात जातील, यासारख्या त्या काळच्या भाबड्या गप्पांच्या ओघात निवेदक म्हणतो, की ते दिवस आठवले म्हणजे सारे संधिप्रकाशात घडल्यासारखे वाटते. म्हणजे हे निवेदन प्रवासानंतर लगेच केलेले नाही. मध्ये बराच काळ गेला आहे. सोहळा झाला असेल, नोकरी, संसार झाला असेल. एवढा काळ जे सरदारजींना सांगता आले नाही ते तो आता सांगतो आहे. दूरच्या साऱ्या गोष्टी धूसर झाल्या आहेत आणि हात हुंगणारा बाबू तेवढा लख्ख आहे. स्मृतीची ही विषम उजेडाची रचना हेच कथेचे खरे शिल्प होय.

अशा माणसाच्या मनाचा उलगडा वैद्यकाला बराच उशिरा झाला. आघातोत्तर तणावाच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले ते १९८०मध्ये. इतरांवर गुदरलेला प्रसंग प्रत्यक्ष पाहणे हेही त्याचे कारण असू शकते, हे आता मान्य झालेले आहे. आपत्तीनंतर मदतीस जाणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे, की पीडितांजवळ थांबावे, त्यांचे ऐकावे, परंतु काय घडले ते सांगण्याचा आग्रह धरू नये. मंटोंचे मुके महिने आणि साहनींच्या निवेदकाचा लांबलेला विलंब यांकडे या दृष्टीने पाहिले तर ते दुबळेपण वाटत नाही. साहित्याला अशा प्रमाणपत्राची गरज आहे असे नव्हे. पण बोलून मन मोकळे करावे या सुलभ सल्ल्याला साहित्याने आधीपासूनच जी बगल दिली होती, तिचा अर्थ यामुळे अधिक स्पष्ट होतो.

साहनींच्या स्वतःच्या विलंबाची हकीगत तर महाराष्ट्राशी जोडलेली आहे. मे १९७०मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची दीर्घ चौकशी केली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. दंगलीनंतर भीष्म साहनी आपले बंधू बलराज साहनी यांच्यासमवेत भिवंडीला गेले. यंत्रमागांच्या त्या गावातील उद्ध्वस्त गल्ल्यांतून हिंडताना त्यांना रावळपिंडी दिसू लागली. दिल्लीस परतल्यावर ते लिहावयास बसले आणि ‘तमस’ सुरू झाली. ‘आज के अतीत’ या आत्मकथनात त्यांनी हे सांगितले आहे. तेवीस वर्षे जे शब्दांत आले नव्हते ते दुसऱ्या प्रांतातील, दुसऱ्या भाषेच्या गावातील राखेने जागे केले. कादंबरीला १९७५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानी यांनी तिच्यावर केलेली चित्रमालिका १९८८मध्ये दूरदर्शनवरून दाखविली गेली, तेव्हा तिच्याविरुद्ध न्यायालयात दादही मागण्यात आली. या गाजावाजात भिवंडीचा धागा हरवला. मराठी समीक्षेनेही तो फारसा उचललेला नाही, ही खंत नोंदवणे भाग आहे. पंजाबच्या एका जखमेला वाचा फुटण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील एका गावाने आपली जखम दाखवावी, यातील नाते केवळ योगायोगाचे नाही. नदीचे नाव तमसा आणि कादंबरीचे नाव ‘तमस’ हा मात्र योगायोगच होय. त्यावर अधिक भार टाकू नये.

‘तमस’ची चर्चा प्रायः दंगलीची राजकीय यंत्रणा उघडी करणारी कादंबरी म्हणून होते. तिचा उत्तरार्ध, म्हणजे हिंसा थांबल्यानंतरचा भाग, समीक्षकांना काहीसा विस्कळीत वाटतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. मदत समितीच्या कचेरीत एक आकडेबाबू बसला आहे. किती मेले, किती जखमी, किती माल गेला, याचे रकाने त्याला भरायचे आहेत. येणारा प्रत्येक माणूस मात्र आपली कहाणी सांगू लागतो. बाबू चिडतो, त्याला आकडे हवेत, रामकहाणी नको. साहनींनी त्याला खलपुरुष केलेले नाही. तो थकलेला, कामसू, आपल्या परीने प्रामाणिक कारकून आहे. रकाने न भरले तर मदत पोहोचणार नाही, हेही खरेच आहे. तरीपण या टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे जे घडते ते कादंबरीतील कत्तलीच्या प्रसंगांइतकेच मन सुन्न करणारे आहे. विहिरीत उडी घेतलेल्या बायकोच्या हातातील सोन्याच्या बांगड्या काढून मिळाव्यात म्हणून एक सरदार खटपट करतो. एका जोडप्याची मुलगी, प्रकाशो, पळवली गेली आहे. ती कोठे आहे याचा पत्ता लागू शकतो, पण आता आपण तिला आणून काय करणार, असे आईबापच बोलून जातात.

हे दोन्ही प्रसंग वाचताना पहिली प्रतिक्रिया तिटकाऱ्याची होते. सरदार लोभी वाटतो, आईबाप निर्दय वाटतात. साहनी हा तिटकारा टिकू देत नाहीत. ज्याने आपल्या माणसांना विहिरीत उडी घेताना पाहिले, किंवा ज्याच्या घरावर ते गुदरले, त्याच्या मनाला धरून ठेवण्यासाठी काहीतरी हवे असते. शोक धरता येत नाही. बांगडी धरता येते. तिला वजन आहे, किंमत आहे, मागता येण्याजोगे कारण आहे. त्याच्या मागणीतील हट्ट हा शोकाचाच एक विरूप झालेला प्रकार होय, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. आईबापांचे नकार देणे यापेक्षा अवघड आहे; त्याचे समर्थन करता येत नाही आणि कादंबरीही ते करीत नाही. मुलगी परत आली तर तिच्याबरोबर ती घटनाही घरात येईल आणि रोज डोळ्यांसमोर वावरेल, ही भीती त्यामागे वाचता येते, एवढेच. ‘लाजवंती’तल्या सुंदरलालने पत्नीला आत घेतले आणि तिची गोष्ट बाहेर ठेवली, येथे दोन्ही बाहेर ठेवली गेली.

कचेरीच्या या गर्दीपासून दूर डेप्युटी कमिशनर रिचर्ड आहे. तो इतिहासाचा आणि पक्ष्यांचा जाणकार आहे. जळलेल्या गावांच्या बाजूने बायकोला मोटारीतून हिंडवताना त्याला एका पक्ष्याचे गाणे ऐकू येते आणि तो तिला तिकडे कान द्यायला सांगतो. अशा जागी पक्ष्याचे गाणे ऐकू येणारा हा माणूस आहे तरी कसा, असे लिझाला वाटते. दर्शनग्रंथांतील निर्विकार साक्षीचे हे शासकीय विडंबन आहे. सारे दिसते, सारे कळते, काहीच लागत नाही. एक पक्षी मेलेला पाहून तमसेच्या काठी एका मुनीचे चित्त ठिकाणावर राहिले नव्हते. येथे माणसांच्या राखेवर एक अधिकारी जिवंत पक्ष्याचे गाणे ओळखतो. साहनींनी वाल्मीकींचा प्रसंग मनात धरून हे लिहिले असे मानण्यास आधार नाही. पण भारतीय वाचकाच्या कानी हे दोन पक्षी एकत्र आल्यावाचून राहत नाहीत.

ऐकणारा मिळत नाही तेव्हा साहित्य तो निर्माण करते. अमृता प्रीतम यांनी फाळणीच्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात लिहिलेली वारिस शाहला उद्देशून असलेली कविता याचे सर्वात ठळक उदाहरण होय. पंजाबात जिवंत माणसे थोडी नव्हती. पण कवयित्रीने हाक मारली ती सुमारे दीडशे वर्षांपूर्वी कबरीत विसावलेल्या, हीरची कथा गाणाऱ्या कवीला. एका मुलीचे दुःख ज्याने ऐकले आणि लिहिले, तोच लाखोंचे ऐकू शकेल, हा तिचा तर्क आहे. गद्यात हेच काम पुढे अर्धशतकानंतर झाले. उर्वशी बुटालिया यांचे मौखिक साक्षींवरील पुस्तक १९९८मध्ये आले. रितू मेनन व कमला भसीन यांचेही त्याच वर्षी. पन्नास वर्षे कोणी विचारलेच नाही, म्हणून जे बोलले गेले नव्हते, ते या ग्रंथांतून पुढे आले. आकडेबाबूच्या टेबलापलीकडे अडून राहिलेली रांग जणू तेव्हा पुढे सरकली. मात्र या ग्रंथांचेही मोल त्यांतील माहितीपेक्षा त्यांतील अडखळण्यात, वाक्य अर्ध्यावर सोडण्यात आणि विषय बदलण्यात अधिक आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

‘तमस’चा अखेरचा प्रसंग या सर्व विवेचनाच्या प्रकाशात पुन्हा पाहता येतो. शहरातून शांततेच्या घोषणा देत एक बस निघते. सर्व धर्मांचे, सर्व पक्षांचे पुढारी तीत आहेत. चालकाशेजारी ध्वनिवर्धक घेऊन मुराद अली बसला आहे. याच मुराद अलीने पाच रुपयांची नोट देऊन नत्थूकडून डुक्कर मारवून घेतले होते आणि तेथूनच सगळ्याला आरंभ झाला होता. नत्थूने प्रेत मशिदीच्या पायरीवर टाकले नव्हते. आपण काय केले हे त्याला नंतर कळले, आणि कळल्यापासून तो आपल्या वस्तीत ते गुपित घेऊन तडफडत राहिला. फक्त बायकोजवळ तेवढे त्याचे तोंड उघडले. तो असता तर त्याने त्या आवाजाच्या धन्याला क्षणात ओळखले असते. पण नत्थू मेलेला आहे, असे कादंबरीकार जाता जाता सांगतो. जमलेल्यांपैकी बहुतेकांना मुराद अली ओळखू येत नाही. घोषणा होत राहतात आणि बस पुढे निघते. पहिल्या प्रकरणापासून नत्थूबरोबर त्या कोंदट खोपटात बसलेल्या वाचकाने तेवढे त्याला पाहिलेले असते.